अडखळणे हेही उत्तरच

घड्याळ समोर ठेवा आणि एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे मोठ्याने म्हणा. घरातल्या कुणाला तरी ती लिहायला बसवा. बहुतेकांच्या बाबतीत पहिली पंधरा-वीस सेकंदे नावे भराभर येतात : गाय, म्हैस, बैल, शेळी, कुत्रा, मांजर. मग गोठा आणि अंगण संपते. क्षणभर शांतता पसरते आणि एकदम वाघ, सिंह, हत्ती, कोल्हा असे जंगल सुरू होते. शेवटच्या वीस सेकंदांत मात्र एकेका नावासाठी झगडावे लागते. ‘अं...’, ‘तो हा... काय म्हणतात त्याला...’ असे शब्द मध्ये येतात आणि आधी सांगितलेला बैल पुन्हा हजर होतो.

दिसायला हा मुलांचा खेळ आहे. प्रत्यक्षात ही मेंदूच्या तपासणीतली जुनी आणि जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. स्मृतिभ्रंशाची शंका असलेले आजी-आजोबा रुग्णालयात आले, की इतर प्रश्नांबरोबर त्यांना हाही प्रश्न विचारला जातो. त्यात फक्त नावांची संख्या पाहायची नसते. बाउसफील्ड आणि सेजविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्येच दाखवले होते, की नावे येण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे तो ठरावीक पद्धतीने मंदावत जातो. १९९७ मध्ये कॅनडातील ट्रॉयर, मॉस्कोविच आणि विनोकर यांनी या उत्तरांतली दोन कामे वेगळी करून दाखवली. एक म्हणजे एकाच गटातली नावे सलग सांगत राहणे आणि दुसरे म्हणजे गट संपला की दुसऱ्या गटाकडे वळणे. गोठ्यातून जंगलात जाण्याची ती उडी मेंदूच्या पुढच्या भागावर बरीच अवलंबून असते. एकाच गटातली नावे आठवत राहण्याचे काम कानाच्या बाजूच्या भागाशी अधिक जोडलेले असते.

म्हणजे या एका मिनिटात शब्द, त्यांचा क्रम, मधली शांतता, पुनरुक्ती आणि चुका हे सगळेच उत्तर असते. पेन घेऊन बसलेला डॉक्टर कसेबसे शब्द लिहून काढतो. दोन शब्दांमधला वेळ त्याला टिपता येत नाही. हे टिपण्याचे काम आता स्पीच रेकग्निशन, म्हणजे बोलणे ओळखून अक्षरांत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जाऊ लागले आहे. फोनमध्ये बोललेला निरोप टाइप होऊन येतो, तेच हे तंत्र. मानसशास्त्राच्या प्रयोगांत ते काही वर्षांपासून वापरले जाते आणि तिथून ते स्मरणशक्ती तपासणाऱ्या अ‍ॅपपर्यंत येत आहे. त्यामुळे ते कितपत बरोबर ऐकते, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. या उत्तरांवरून उद्या कुणाच्या तरी केसपेपरवर ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’ असे शब्द लिहिले जाणार आहेत.

बोलण्याला घड्याळ लावताना

बोललेले उत्तर घ्यायचे आणि त्याला लागलेला वेळ मोजायचा, ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वीची आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील डॉ. फ्रान्सिस्कस डोंडर्स हे डोळ्यांचे नामवंत वैद्य. १८६८ मध्ये त्यांनी मनाच्या कामाला किती वेळ लागतो यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रयोग साधा होता. एकाने ‘की’ असा एखादा उच्चार करायचा आणि दुसऱ्याने तो ऐकताच परत म्हणायचा. कोणता उच्चार येणार हे आधी ठाऊक असेल तर प्रतिसाद लवकर येई. ठाऊक नसेल तर थोडा उशीर होई. तो उशीर म्हणजे ऐकलेले ओळखून योग्य उच्चार निवडण्यासाठी लागलेला वेळ, असा त्यांचा तर्क होता. दोघांचे आवाज टिपायला फोनोटोग्राफ हे यंत्र होते. आवाजाच्या कंपनांनी त्यातली सुई काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ काढत असे. शेजारी ट्यूनिंग फोर्कच्या कंपनांची रेघ असे, ते झाले घड्याळ.

पुढे जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जेम्स मॅकीन कॅटेल या अमेरिकी तरुणाने ओठांच्या हालचालीवर आणि आवाजावर चालणाऱ्या कळी वापरल्या. तोंड उघडले किंवा आवाज झाला, की विजेची जोडणी बदलायची आणि घड्याळ थांबायचे. छापलेला शब्द वाचायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा समोरच्या रंगाचे किंवा वस्तूचे नाव सांगायला जास्त वेळ लागतो, असे त्याने १८८६ मध्ये दाखवले.

या फरकावरच १९३५ मधला जॉन रिडली स्ट्रूप यांचा प्रसिद्ध प्रयोग उभा आहे. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असेल आणि शाईचा रंग सांगायचा असेल, तर जीभ अडखळते. स्ट्रूप यांच्या प्रयोगात नुसत्या रंगीत चौकोनांचे १०० रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले. विसंगत शब्दांच्या शाईचे १०० रंग सांगायला ११०.३ सेकंद लागले. मेंदूचे लक्ष आणि स्वतःला आवरण्याची क्षमता तपासायला ही चाचणी आजही वापरतात.

स्ट्रूप यांनी पूर्ण कार्डाचा वेळ मोजला होता. एकेका शब्दाचा वेळ हवा असेल तर कॅटेलच्या कळीची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे ‘व्हॉइस की’ लागायची. मायक्रोफोनमधला आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की ती घड्याळ थांबवते. विसाव्या शतकात हजारो प्रयोग तिच्या भरवशावर झाले. पण या कळीला भाषा कळत नाही. खोकला आला, खुर्ची करकरली, ओठ चाटले, ‘अं’ म्हटले, तरी तिच्या दृष्टीने उत्तर आलेले असते. शिवाय सगळे शब्द सारख्या जोराने सुरू होत नाहीत. ‘सिंह’ म्हणताना आधी ‘स’ची हलकी सळसळ असते आणि आवाज नंतर चढतो. ‘बैल’ म्हणताना ओठ उघडण्याआधीच गळ्यातून घुमणारा आवाज सुरू झालेला असतो. त्यामुळे दोन्ही शब्द एकाच क्षणी उच्चारायला घेतले तरी कळ त्यांची वेळ वेगवेगळी नोंदवू शकते.

हा दोष किरकोळ नाही. २००२ मध्ये केसलर, ट्रीमन आणि मुलेनिक्स यांनी इंग्रजी शब्दांवर दाखवले, की शब्दाचा पहिला ध्वनी कोणता आहे यावर व्हॉइस कीची नोंद पद्धतशीरपणे बदलते. त्याच वर्षी रॅसल आणि डेव्हिस यांनी ‘स’ने सुरू होणाऱ्या शब्दांवर काम करून दाखवले, की वेळ कोणत्या साधनाने मोजली यावर प्रयोगाचा निष्कर्षच बदलू शकतो. मानसशास्त्राच्या अशा प्रयोगांत दोन गटांतला फरक अनेकदा २०-३० मिलिसेकंदांचा असतो. तेवढी चूक साधनातच असेल, तर मेंदूबद्दल काढलेला निष्कर्ष खरे तर मायक्रोफोनबद्दलचा असतो.

यावर उपाय म्हणून उत्तरे संगणकावर ध्वनिमुद्रित करून नंतर तपासायला सुरुवात झाली. २००७ मध्ये प्रोटोपापास यांनी ‘चेकव्होकल’ हे सॉफ्टवेअर उपलब्ध केले. त्यात प्रत्येक उत्तर ऐकत आणि त्याची ध्वनिरेषा पाहत ते बरोबर की चूक हे माणूस झटपट ठरवू शकतो. २०१७ मध्ये आलेले ‘क्रोनसेट’ आवाजाचे अनेक गुण एकत्र पाहून बोलणे नेमके कधी सुरू झाले ते शोधते. पण काय बोलले, हे ठरवायला तोवर माणूसच लागत होता.

यंत्राला शब्द कळू लागले

१९५२ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये ‘ऑड्री’ हे यंत्र बोललेले आकडे ओळखू लागले होते, तेही एकेका माणसाच्या आवाजाशी जुळवून घेतल्यावर. आजची सॉफ्टवेअर प्रचंड ध्वनिमुद्रणांवरून शिकलेली असतात. ‘ओपनएआय’ कंपनीचे २०२२ मध्ये आलेले ‘व्हिस्पर’ सुमारे ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेले आहे. मराठी त्याच्या भाषांत आहे.

मग हे तंत्र प्रयोगाच्या कामाचे आहे का? अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. सहभागी व्यक्तींना इंग्रजी शब्दांच्या याद्या दाखवल्या आणि आठवतील ते शब्द बोलून सांगायला लावले. ती उत्तरे माणसांनीही लिहिली आणि गूगलच्या सॉफ्टवेअरनेही. यादीतल्या कोणत्या जागेचे शब्द जास्त आठवतात, एकामागून एक कोणते येतात, असे स्मरणाचे नेहमीचे नमुने दोन्ही नोंदींतून जवळपास सारखेच निघाले. अशा कामासाठी यंत्र पुरेसे चांगले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा फायदा मोठा आहे. ध्वनिमुद्रण ऐकून शब्दन्‌शब्द लिहायला मूळ वेळेच्या कित्येक पट वेळ जातो. काही वेळा या कष्टामुळेच प्रयोगात बोलके उत्तर टाळून कळ दाबायला सांगितले जाते. पण पक्षाघाताने हात लुळा पडलेला माणूस, कंपवाताचा रुग्ण, कधी शाळेत न गेलेली आजी यांना कळफलक परका असतो. बोलणे त्यांच्या सवयीचे असते. बोलके उत्तर घेणे स्वस्त आणि सोपे झाले, तर आजवर अभ्यासाबाहेर राहिलेली ही माणसे अभ्यासात येतील.

आपल्याकडे याची गरजही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार, भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हा आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. त्या प्रत्येकाला मराठीत, अहिराणीत किंवा मालवणीत समजावून चाचणी घेणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णामागे काही मिनिटे हाती असतात. तिथे नोंद ठेवणारा एक न थकणारा कारकून मिळाला, तर कुणाला नको आहे?

कारकून फार नीटनेटका असला तर

अडचण या कारकुनाच्या स्वभावात आहे. त्याला लोकांचे निरोप, भाषणे, बैठका लिहून काढण्यासाठी घडवलेले आहे. अशा कामात वाचणाऱ्याला स्वच्छ मजकूर हवा असतो. म्हणून सॉफ्टवेअर नुसता आवाज ओळखत नाही. या आवाजाच्या जागी भाषेत कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, याचाही अंदाज घेते. अर्धवट शब्द पूर्ण करते, ‘अं’ आणि ‘म्हणजे’ गाळते, दोनदा आलेला शब्द एकदाच लिहिते. निरोप लिहिताना हा गुण आहे. तपासणीत मात्र याच गोष्टी शोधायच्या असतात.

पक्षाघातानंतर ज्यांची भाषा बिघडते, अशा वाचाघाताच्या रुग्णाला घड्याळाचे चित्र दाखवले तर तो ‘घळ्याड’ म्हणू शकतो. वस्तू ओळखली, शब्दही सापडला, फक्त ध्वनींची जागा बदलली. दुसरा रुग्ण त्याच चित्राला ‘कॅलेंडर’ म्हणेल. या दोन चुका मेंदूतल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर घडतात आणि वाणी-उपचार करताना त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. सॉफ्टवेअरला ‘घळ्याड’ हा शब्द माहीत नाही, त्याच्या जवळचा ‘घड्याळ’ माहीत आहे. ते ‘घड्याळ’ लिहून मोकळे होण्याची शक्यता मोठी. कागदावर उत्तर बरोबर आणि आजार गायब!

शांततेचे त्याहून विचित्र. २०२४ मध्ये अ‍ॅलिसन केनेके आणि सहकाऱ्यांनी ‘व्हिस्पर’ची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात वाचाघात असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींची ध्वनिमुद्रणे वापरली होती. सुमारे १ टक्का नोंदींत सॉफ्टवेअरने कुणीही न उच्चारलेली वाक्ये किंवा वाक्यांश स्वतःच घातले होते. वाचाघाताच्या रुग्णांच्या नोंदींत हे प्रमाण जास्त होते आणि बोलण्यात लांब विराम असले की असे घडण्याची शक्यता वाढत होती. शब्द न सापडल्यामुळे रुग्ण थांबला, हे त्याच्या आजाराचे लक्षण. यंत्राने ती रिकामी जागा आपल्या मनाने भरली. १ टक्का ऐकायला थोडा वाटतो. पण ही भर नेमकी जास्त आजारी माणसांच्या उत्तरांत पडत असेल, तर तिचा परिणाम टक्क्यावरून कळत नाही.

सर्वांसाठी एकच काटा

किराणा दुकानातला तराजू प्रत्येकाला दहा ग्रॅम कमी दाखवत असेल, तर निदान कुणाचे पुडके जड आणि कुणाचे हलके हे तरी बरोबर कळते. तो ठरावीक लोकांनाच कमी दाखवत असेल, तर तुलना फसते. सॉफ्टवेअरच्या चुकांबाबत हाच प्रश्न विचारायला हवा : चुका किती, यापेक्षा कुणाच्या बाबतीत जास्त?

केनेके यांच्याच गटाने २०२० मध्ये अमेरिकेत हे मोजले होते. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या मुलाखती ऐकवल्या. गोऱ्यांच्या बोलण्यात १०० शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. भाषा दोघांचीही इंग्रजीच होती. ज्यांचे बोलणे यंत्राने शिकताना कमी ऐकले होते, त्यांच्या वाट्याला जास्त चुका आल्या.

आता हे प्राण्यांच्या चाचणीला लावून पाहा. समजा, दोन गटांतली माणसे एका मिनिटात सरासरी १६ नावे सांगतात. पहिल्या गटाची भाषा यंत्राच्या ओळखीची आहे, तिथे एक नाव निसटते. दुसऱ्या गटाच्या बोलीतली चार निसटतात. निकालात एकीकडे १५ आणि दुसरीकडे १२ दिसतील. या फरकाची कारणे मग शिक्षणात, वयात, आहारात शोधली जातील. प्रत्यक्षात दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत काहीच फरक नसेल.

मराठीत हा धोका कुठे आहे, हे चाचण्या घेणाऱ्यांना सहज सांगता येईल. शेतात राबलेली आजी प्राणी सांगताना ‘गाय, कालवड, खोंड, म्हस, रेडकू, टोणगा’ अशी गोठ्यातली सगळी कुळे काढते. यंत्राला ‘म्हस’ कळेल की नाही, ‘रेडकू’ त्याने कधी ऐकला असेल का, हा एक भाग. कालवड आणि गाय ही दोन नावे मोजायची की एक, हा दुसरा. त्याचा नियम चाचणी बांधणाऱ्या माणसांनीच आधी ठरवायला हवा. नाहीतर जिच्याकडे शब्दांचा साठा सर्वांत मोठा, तिलाच गुण कमी पडायचे.

आकड्यांचेही तसेच. शंभरातून सात-सात वजा करत जा, असा प्रश्न विचारतात. उत्तरे त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ यांतला फरक दात पडलेल्या तोंडातून, पंख्याच्या घरघरीत किती स्पष्ट उमटतो? आणि जुन्या पद्धतीने विसांच्या हिशेबात मोजणारे आजोबा पासष्टला ‘तीन विसा न्‌ पाच’ म्हणाले, तर उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. हे माणसाला कळते. तसे शिकवले नसेल, तर यंत्र त्यावर चुकीची फुली मारेल.

शिवाय चाचणीत शब्द सुटे येतात. सलग वाक्यात मागचा-पुढचा संदर्भ यंत्राला मदत करतो. ‘बागेत फुले’ म्हटले तर ‘बाग’ आणि ‘वाघ’ यांत घोटाळा होत नाही. नुसता ‘वाघ’ म्हटले तर आधार उरतो तो फक्त ध्वनीचा. अपेक्षित शब्दांची यादी आधी देऊन काही सॉफ्टवेअरना मदत करता येते. पण मग ते यादीतलेच शब्द ऐकण्याकडे झुकते आणि यादीबाहेरचे, म्हणजे रुग्णाचे अनपेक्षित उत्तर, हरवण्याचा धोका वाढतो.

ही दरी भरण्याचे प्रयत्न सुरू आहेत. आयआयटी मद्रासमधील ‘एआय४भारत’ या गटाने २२ भारतीय भाषांतल्या, निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या लोकांचे नैसर्गिक बोलणे गोळा करण्याचे मोठे काम हाती घेतले आहे. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रमही याच दिशेचा. दुसरीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत चाचणीसंच तयार झाला. नुसते भाषांतर न करता तो त्या त्या भाषेला आणि शिक्षणाच्या पातळीला जुळवून घेतलेला आहे. आवाज ओळखणाऱ्यांचे आणि चाचण्या बांधणाऱ्यांचे असे काम एकत्र यायला हवे. त्यातही तरुणांच्या आवाजावर शिकलेले यंत्र सत्तरीतल्या थरथरत्या आवाजावर तपासल्याशिवाय रुग्णालयात आणू नये.

मग वापरायचे कसे?

घाबरून हे तंत्र बाजूला ठेवणे शहाणपणाचे नाही. माणूसही चुकतो. पन्नासावा रुग्ण तपासताना त्याचेही कान थकतात आणि समोरच्याला आजार आहे हे आधीच ठाऊक असेल तर त्याला चुका जास्त ऐकू येतात. यंत्राला असा थकवा नसतो. म्हणून दोघांनी एकमेकांना तपासावे, हे बरे.

पहिली अट मूळ ध्वनिमुद्रण जपण्याची. यंत्राने लिहिलेला कागद म्हणजे उत्तर नव्हे, ते त्या उत्तराचे एक वाचन आहे. आवाज जपला असेल तर उद्या चांगले सॉफ्टवेअर आल्यावर तो पुन्हा वाचता येतो. दुसरी अट, काही नोंदी दोन माणसांनी स्वतंत्रपणे ऐकून तपासाव्यात, आणि बोलणारा रुग्ण आहे की निरोगी हे त्यांना माहीत नसावे. या तपासणीत एकूण चुका मोजून थांबू नये. रुग्ण आणि निरोगी, तरुण आणि वृद्ध, शहरी आणि ग्रामीण, अशा प्रत्येक गटाच्या चुका वेगळ्या मांडाव्यात. तिसरी अट वेळेची. शब्द ओळखणारे सॉफ्टवेअर शब्दापुढे जी वेळ लिहिते, ती वाचकाच्या सोयीपुरती असते. मिलिसेकंदांचा प्रश्न असेल तर वेळ ध्वनिरेषेवरूनच काढावी. सहभागी व्यक्ती घरून, स्वतःच्या फोनवर उत्तर देत असेल तर फोनचा मायक्रोफोन सुरू व्हायला लागणारा वेळही त्यात मिसळतो.

चौथी गोष्ट सहज नजरेआड होते. इंटरनेटवरून वापरायचे सॉफ्टवेअर कंपनी केव्हाही सुधारू शकते. दोन वर्षे चालणाऱ्या अभ्यासात पहिले शंभर रुग्ण एका आवृत्तीने आणि शेवटचे शंभर दुसऱ्या आवृत्तीने ऐकले गेले, तर मध्येच तराजू बदलल्यासारखे होते. त्यामुळे एकच ठरलेली आवृत्ती रुग्णालयाच्या संगणकावर ठेवून वापरणे इष्ट. त्याने आवाज बाहेरच्या कंपनीकडे पाठवण्याची वेळही येत नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण नाव आणि पत्ता काढून टाकता येतो, पण आवाजावरून माणूस ओळखू येतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अशा माहितीसाठी संमती आणि स्पष्ट उद्देशाची अपेक्षा ठेवतो. ज्याची स्मरणशक्ती तपासायची आहे, त्याला ही संमती नीट समजली का, हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच आहे.

प्राण्यांची नावे सांगताना आजी मध्येच थांबतात, खिडकीबाहेर पाहतात, बैल दुसऱ्यांदा सांगतात आणि स्वतःच हसून ‘हे झालं न्हवं मगाशी?’ म्हणतात. पुनरुक्ती झाली, पण ती त्यांची त्यांना कळली. निदानाच्या दृष्टीने या एका वाक्याला फार किंमत आहे. ते ऐकणारे, लिहिणारे आणि त्याचा अर्थ लावणारे कुणीतरी साखळीत असले पाहिजे. सॉफ्टवेअरने लिखाणाचे ओझे उचलले, तर डॉक्टरला तेवढाच वेळ ऐकायला मिळेल, आणि त्याचा खरा उपयोग तोच आहे.

स्मरणशक्तीची चाचणी फोनवर किंवा संगणकावर होणार असेल तर

• चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी घालूनच चाचणीला बसावे. नीट ऐकू न आल्यामुळे चुकलेले उत्तर स्मरणशक्तीच्या खात्यात जमा होऊ नये.

• घरात जी बोली बोलता, तीतच उत्तर द्यावे आणि तसे चाचणी घेणाऱ्याला आधी सांगावे. पुस्तकी भाषा आठवण्याच्या नादात वेळ जातो.

• टीव्ही, पंखा बंद करता आला तर करावा. नातेवाइकांनी मध्ये उत्तर सुचवू नये. तुमचाही आवाज यंत्र टिपते.

• आवाज ध्वनिमुद्रित होतो का, कुठे आणि किती काळ ठेवला जातो, हे विचारावे. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

• अ‍ॅपने दाखवलेला कमी गुणांचा निकाल म्हणजे निदान नव्हे. ऐकू कमी येणे, नैराश्य, थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेच्या गोळ्या यांमुळेही गुण कमी येऊ शकतात आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. अशा वेळी डॉक्टरांकडून समोरासमोर पुन्हा तपासणी करून घ्यावी.